गुदाशयाभोवतीचं लसिकेचं जाळं: सर्जननं कुठे थांबायचं?

पायाला काटा रुतला, जखम चिघळली, की दोन दिवसांनी जांघेत एक दुखरी गाठ येते. घरातलं मोठं माणूस बघतं आणि म्हणतं, "अवधाण आलंय." जखम टाचेला आणि गाठ जांघेत, असं का, हा प्रश्न लहानपणी तुम्हालाही पडला असेल. उत्तर सोपं आहे. पायातली लसिका वर येताना जांघेतल्या लसिकाग्रंथींमधून गाळली जाते. जंतू तिथे अडवले जातात, लढाई होते, ग्रंथी सुजते.

या साध्या अनुभवात एक मोठं तत्त्व आहे. शरीराच्या प्रत्येक भागातली लसिका कुठल्या ग्रंथींकडे जाईल, हे बहुतांशी ठरलेलं असतं. तो नकाशा माहीत असेल तर गाठ पाहून जखम कुठे असेल हे सांगता येतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत हेच उलट्या बाजूनं करावं लागतं: मूळ गाठ कुठे आहे ते माहीत असतं, तिच्या पेशी कुठल्या ग्रंथींपर्यंत गेल्या असतील याचा अंदाज बांधायचा असतो.

आजच्या लेखात आपण गुदाशयाचं उदाहरण घेऊ. दोन कारणांसाठी. एक, इथे नकाशा बदलला तशी शस्त्रक्रियाही बदलत गेली, तेही शंभर वर्षांत अनेकदा. दुसरं, या विषयातली एक चाचणी अशी आहे की तिचा निकाल नीट वाचता आला, तर संशोधनातला एक महत्त्वाचा धडा कायमचा लक्षात राहतो.

आधी थोडी शरीररचना

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद पेल्यात बसलेला असतो. पुढे मूत्राशय, आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट किंवा स्त्रियांमध्ये गर्भाशय व योनिमार्ग. मागे माकडहाड आणि त्रिकास्थी. दोन्ही बाजूंना लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसांचं जाळं. थोडक्यात, चाळीतल्या खोलीसारखी अवस्था आहे: जागा कमी आणि शेजारी फार जवळचे. इथे एक-दोन मिलिमीटरची चूकही महागात पडते.

गुदाशयाच्या भिंतीला थर असतात. सगळ्यात आत श्लेष्मल थर, त्याखाली सैलसर ऊतींचा थर, मग स्नायू, आणि बाहेर चरबी. लसिकावाहिन्या श्लेष्मल थराच्या वरच्या भागात जवळपास नसतातच. त्या या थराच्या तळाशी सुरू होतात आणि खालच्या सैलसर थरात त्यांचं दाट जाळं असतं. म्हणूनच मोठ्या आतड्यातला रोग केवळ वरच्या थरापुरता असेल, तर तो ग्रंथींकडे पसरल्याचं सहसा आढळत नाही. वाटच नाही, तर जाणार कुठून? एकदा का रोग खालच्या थरात उतरला, की वाट मोकळी होते. रोग किती खोल गेला आहे, याला डॉक्टर इतकं महत्त्व का देतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तीन वाटा

लसिकावाहिन्या साधारणपणे रक्तवाहिन्यांची सोबत धरून जातात. त्यामुळे रक्तपुरवठा समजला की लसिकेची वाट निम्मी समजते. गुदाशयापासून तीन वाटा निघतात.

पहिली वरची. गुदाशयाला मुख्य रक्तपुरवठा वरून येणाऱ्या सुपीरिअर रेक्टल रोहिणीतून होतो. तिच्या कडेकडेनं लसिका वर चढते आणि इन्फिरिअर मेसेंटेरिक रोहिणीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींकडे पोचते. हा हमरस्ता. बहुतेक वाहतूक इथूनच.

दुसरी बाजूची. गुदाशयाच्या खालच्या भागातून काही लसिका मिडल रेक्टल रोहिणीच्या आधारानं ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीकडे, म्हणजे इंटर्नल इलिॲक आणि ऑब्ट्युरेटर ग्रंथींकडे जाते. ही आडवाट. आजच्या वादाचं मूळ हीच.

तिसरी खालची. गुदमार्गाच्या आत एक दंतुर रेषा असते. तिच्या खालच्या भागातली लसिका जांघेतल्या ग्रंथींकडे जाते, त्याच जिथे आपलं अवधाण येतं. का? गर्भात असताना दंतुर रेषेच्या वरचा भाग आतड्यापासून तयार होतो आणि खालचा भाग बाहेरच्या त्वचेच्या थरापासून. वरचा भाग आतड्याचे नियम पाळतो, खालचा त्वचेचे. दोन-चार सेंटिमीटरच्या अंतरात दोन वेगळी 'घराणी' भेटतात. परीक्षेसाठी घोकण्यापेक्षा हे कारण लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप आठवतं.

५७ पैकी ५४

लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुदाशयाचा कर्करोग त्या काळच्या रीतीप्रमाणे खालून, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूनं काढत असत. त्यांनी आपल्याच रुग्णांचा पाठपुरावा केला. ५७ पैकी ५४ जणांत रोग परत आला होता.

जरा थांबून विचार करा. स्वतःच्या कामाचा असा हिशोब मांडायला आणि तो छापायला काय लागत असेल? आपल्यापैकी कितीजण आपल्या न चाललेल्या प्रयोगांची वही इतक्या सरळपणे उघडतील?

माइल्सनी मृत रुग्णांची तपासणी करून रोग कुठे शिल्लक राहतो ते पाहिलं आणि वर, बाजूला, खाली अशा तीन दिशांच्या प्रसाराची कल्पना मांडली. मग १९०८ साली त्यांनी पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून करायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. गुदाशय, गुदद्वार, आजूबाजूचा भाग, सगळं काढायचं आणि पोटावर कायमची पिशवी. तर्क असा: रोग तिन्ही दिशांना जातो, तर तिन्ही दिशा साफ करा.

पुढे लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स या विकृतिशास्त्रज्ञानं काढलेले नमुने एकेक ग्रंथी शोधत तपासले. १९३२ साली त्यांनी मांडलेलं वर्गीकरण आजही अनेकांच्या तोंडी आहे. त्यांच्या कामातून दिसलं की प्रसार मुख्यतः वरच्या दिशेनं होतो. खाली जाणारा प्रसार क्वचित, आणि तोही बहुधा वरची वाट तुंबल्यावर. म्हणजे गाठ पुरेशी वर असेल तर गुदद्वार काढायची गरज नाही! एका माणसानं मेणात रुतवलेल्या ऊतींचे काप बघत घालवलेले तास, आणि त्यामुळे पुढच्या काळात असंख्य रुग्णांना कायमची पिशवी टाळता येण्याचा मार्ग मोकळा झाला. नकाशातली एक वाट पुसट झाली आणि शस्त्रक्रिया बदलली.

चरबीचं पाकीट

तरीही रोग ओटीपोटात परत येण्याचं प्रमाण बराच काळ मोठं राहिलं. असा परतलेला रोग फार छळतो. हाडं आणि नसा जवळ असल्यानं वेदना भयंकर, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करणं अवघड.

१९८२ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधलं ते मेसोरेक्टमकडे. मेसोरेक्टम म्हणजे गुदाशयाभोवतीची चरबी, जिच्यात वरच्या वाटेच्या लसिकावाहिन्या आणि ग्रंथी असतात. या चरबीवर एक पातळ आवरण असतं. हील्ड यांना गाठीच्या खालच्या पातळीवरही या चरबीत कर्करोगाची सूक्ष्म बेटं आढळली. आतड्याची भिंत स्वच्छ, पण शेजारच्या चरबीत रोग. सर्जन हातानं ती चरबी ओरबाडून सोडवत असेल, तर ही बेटं मागे राहणारच.

उपाय: आवरणाच्या बाहेरून, डोळ्यांनी बघत, धारदार हत्यारानं कापत जायचं आणि ते चरबीचं पाकीट न फाडता अख्खं बाहेर काढायचं. सीताफळाची एक बी सालासकट सोडवताना गर सांडू द्यायचा नाही, तसं काहीसं. याला टोटल मेसोरेक्टल एक्सिजन, टीएमई म्हणतात. गंमत अशी की गर्भावस्थेतल्या रचनेमुळे या पाकिटाभोवती एक जवळपास रक्तहीन पातळी असते आणि नसा तिच्या बाहेर असतात. त्यामुळे योग्य पातळीत राहिलं तर रोगही पुरता निघतो आणि नसाही वाचतात.

त्याच दशकात, १९८६ मध्ये, फिल क्वर्क आणि सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांचे नमुने आडवे काप घेऊन तपासले. १४ जणांत रोग बाजूच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला होता, आणि त्यांपैकी १२ जणांत तो ओटीपोटात परत आला. तोवर सगळ्यांचं लक्ष आतड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांकडे होतं. खरी कड बाजूची होती. आज रोग या कडेपासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल तर ती कड बाधित धरतात. शस्त्रक्रियेआधी एमआरआय करतात तेव्हा रोग या पाकिटाच्या आवरणाच्या किती जवळ आहे, हे रेडिऑलॉजिस्ट आवर्जून मोजतो.

यात किरणोपचाराची भर पडली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत १८६१ रुग्ण होते. चांगली टीएमई सगळ्यांची, पण निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी पाच दिवस किरणोपचार. दोन वर्षांनी ओटीपोटात रोग परत येण्याचं प्रमाण किरणोपचार घेतलेल्यांत २.४ टक्के, न घेतलेल्यांत ८.२ टक्के.

आडवाटेचा वाद

आता त्या दुसऱ्या वाटेकडे या. बाजूच्या ग्रंथी पाकिटाच्या बाहेर असतात. टीएमई कितीही सुरेख झाली तरी त्या जागच्या जागी राहतात.

इथे दोन परंपरा तयार झाल्या. जपानमध्ये गुदाशयाच्या खालच्या भागातल्या पुढे गेलेल्या कर्करोगात बाजूच्या ग्रंथी शस्त्रक्रियेनंच काढायची रीत पडली. युरोप-अमेरिकेत अशा ग्रंथींत रोग म्हणजे तो शरीरभर गेल्याची खूण, असं बऱ्याच जणांनी मानलं. त्या भागाला किरणोपचार द्या, पण कापत बसू नका, असा त्यांचा कल. रचना तीच, माणसाचं शरीर तेच, पण उपचार कुठल्या देशात होतात यावर शस्त्रक्रिया ठरत होती.

दोन्ही बाजूंना जोखीम आहे. ग्रंथी सोडल्या तर रोग शिल्लक राहू शकतो. काढायला गेलं तर मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसांच्या मधे शिरावं लागतं. रुग्णाच्या दृष्टीनं हा प्रश्न 'जगेन का' आणि 'कसा जगेन' या दोन्हींचा आहे.

मग जपाननं स्वतःच्याच रीतीची परीक्षा घ्यायची ठरवली. जेकॉग ०२१२ या चाचणीत ७०१ रुग्ण होते. सगळ्यांची गाठ गुदाशयाच्या खालच्या भागात, दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यातली, आणि तपासणीत बाजूच्या ग्रंथी १० मिलिमीटरच्या आत. निम्म्यांची फक्त मेसोरेक्टमची शस्त्रक्रिया, निम्म्यांत शिवाय नसा वाचवत बाजूच्या ग्रंथीही काढल्या. आधी किरणोपचार कुणालाच नाही.

निकाल बघा. पाच वर्षं रोग परत न येता जगलेल्यांचं प्रमाण: ग्रंथी काढलेल्या गटात ७३.४ टक्के, न काढलेल्या गटात ७३.३ टक्के. शस्त्रक्रियेचा वेळ मात्र ३६० मिनिटं विरुद्ध २५४, आणि रक्तस्राव ५७६ मिलिलिटर विरुद्ध ३३७. लघवीच्या त्रासात मोठा फरक दिसला नाही.

आता खरी परीक्षा तुमची

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी हा निकाल मांडला आणि ठोकून दिलं, "७३.४ आणि ७३.३. फरक नाही. म्हणजे ग्रंथी काढायची गरज नाही हे सिद्ध झालं." मागच्या बाकावरून एका सिनिअरनं शांतपणे विचारलं, "प्रश्न काय विचारला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही चाचणी 'नॉन-इन्फिरिऑरिटी' प्रकारची होती. प्रश्न होता: कमी शस्त्रक्रिया ही मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा फार वाईट तर नाही ना? 'फार' म्हणजे किती, हे आधीच ठरवलेलं असतं. इथे धोक्याच्या गुणोत्तराची मर्यादा १.३४ धरली होती. १ म्हणजे दोन्ही सारखे. प्रत्यक्ष आलेला आकडा १.०७, पण त्याभोवतीची अनिश्चिततेची पट्टी ०.८४ ते १.३६. पट्टीचं वरचं टोक मर्यादेच्या पलीकडे गेलं, दोन शतांशांनी का होईना. म्हणजे 'कमी शस्त्रक्रिया पुरेशी आहे' हे सिद्ध झालं नाही.

आणि गुंता इथेच संपत नाही. ओटीपोटात रोग परत येण्याचं प्रमाण वेगळं पाहिलं तर ग्रंथी काढलेल्यांत ७.४ टक्के, न काढलेल्यांत १२.६ टक्के. इथे फरक आहे. मग एकूण आकडा सारखा कसा? कारण एकूण आकड्यात यकृत, फुप्फुसं अशा दूरच्या ठिकाणी परतलेला रोग आणि मृत्यू हेही मोजले जातात. बाजूच्या ग्रंथी काढणं हा ओटीपोटापुरता उपाय आहे. दूर गेलेल्या पेशींवर त्याचा जोर चालत नाही.

याशिवाय, ज्यांच्या ग्रंथी काढल्या त्यांच्यापैकी सुमारे ७ टक्के जणांतच त्यांत रोग सापडला. बाकीच्यांच्या निरोगी ग्रंथी काढल्या गेल्या. म्हणजे 'ग्रंथी काढाव्यात का' हा प्रश्नच थोडा चुकीचा होता. खरा प्रश्न: कुणाच्या काढाव्यात?

७ मिलिमीटर

या दिशेनं पुढचं पाऊल २०१९ साली पडलं. सात देशांतल्या १२ रुग्णालयांनी १२१६ रुग्णांचे एमआरआय एकत्र आणून पुन्हा मोजले. उपचारांआधी बाजूच्या ग्रंथीची आखूड बाजू ७ मिलिमीटर किंवा जास्त असलेल्यांमध्ये, किरणोपचार आणि टीएमई होऊनही, पाच वर्षांत बाजूच्या भागात रोग परत येण्याचं प्रमाण १९.५ टक्के होतं. ग्रंथीही काढलेल्यांत ते ५.७ टक्के. म्हणजे मोठ्या ग्रंथींच्या बाबतीत नुसते किरणोपचार पुरे पडत नाहीत, असं दिसतं.

'दिसतं' हा शब्द मुद्दाम वापरला. हा अभ्यास मागे वळून केलेला आहे. कुणाच्या ग्रंथी काढायच्या हे चिठ्ठी टाकून नाही, सर्जननं ठरवलं होतं. रुग्ण निवडण्यातला फरक निकालात मिसळू शकतो. शिवाय आकार हा ग्रंथीतल्या रोगाचा कच्चा पुरावा आहे. मेसोरेक्टममधल्या रोगग्रस्त ग्रंथींपैकी कित्येक ५ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. म्हणून तिथे कडा खडबडीत आहे का, आतला रंग एकसारखा आहे का, हेही पाहतात.

यातून काय घ्यायचं

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हाला या गोष्टीतून मला तीन गोष्टी द्यायच्या आहेत.

एक, रचना पाठ करू नका, तिचं कारण शोधा. दंतुर रेषेचं गर्भशास्त्र कळलं की जांघेतल्या ग्रंथी विसरता येत नाहीत.

दोन, कुठलाही निकाल वाचण्याआधी कागदावर लिहा: प्रश्न काय होता, रुग्ण कोण होते, मर्यादा किती ठरवली होती. जेकॉगच्या रुग्णांच्या बाजूच्या ग्रंथी मोठ्या नव्हत्या आणि त्यांना किरणोपचार नव्हते. २०१९ च्या अभ्यासातला १९.५ टक्क्यांचा आकडा मोठ्या ग्रंथींचा, आणि तोही किरणोपचार झालेल्यांचा. या दोन निकालांची टक्कर लावणं म्हणजे दोन वेगळ्या पेपरांच्या गुणांची तुलना करणं.

तीन, 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं तुमच्या मोजमापाबद्दल बोलतं, दुसरं जगाबद्दल. या दोहोंमधली जागा ज्याला दिसते, तो माझ्या मते संशोधनाला तयार झाला.

आणि एक गोष्ट संशोधनाबाहेरची. शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढतात. बहुतेक वेळा ती असतेही. पण रोग वरच्या थरात आहे की लसिकेच्या जाळ्यापर्यंत उतरला आहे, हा फरक कधी कधी त्या महिन्यांचाच असतो. घरात कुणी असं म्हणत असेल, तर त्यांना तपासणीला घेऊन जा.